नदी शेजाऱ्यांची, गाव आपले

सिनसिनाटी हे अमेरिकेच्या ओहायो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओहायो नदीच्या उत्तर काठावर वसलेले शहर आहे. 2020च्या जनगणनेत त्याची वस्ती 3 लाख 9 हजारांच्या आसपास भरली. शहराला मोठा विमानतळ आहे, नदी आहे, भुयारी रेल्वे आहे, ऱ्हाइनपलीकडचा जर्मन मोहल्ला आहे आणि रोमसारख्या सात टेकड्याही आहेत. यांपैकी विमानतळ दुसऱ्या राज्यात आहे, नदीही जवळजवळ सगळी त्याच दुसऱ्या राज्याची आहे, भुयारी रेल्वेत आजवर एकही उतारू बसलेला नाही, ऱ्हाइन म्हणजे एक बुजवलेला कालवा आहे आणि सात टेकड्या नेमक्या कोणत्या, यावर गावात एकमत नाही. बाकी शहर जागच्या जागी आहे.

घोळाची सुरुवात नावापासून झाली. 1788 साली इथे जमीन घेणाऱ्या मंडळींत जॉन फिल्सन नावाचे एक शाळामास्तर होते. गावाला नाव सुचवण्याचे काम साहजिकच त्यांच्याकडे आले. समोरच्या काठावर लिकिंग नावाची छोटी नदी ओहायोला मिळते. त्या लिकिंगमधला 'एल', लॅटिनमधला 'ऑस' म्हणजे मुख, ग्रीकमधला 'अँटी' म्हणजे समोर आणि फ्रेंचमधला 'व्हिल' म्हणजे गाव, अशी मोट बांधून मास्तरांनी 'लोसँटीव्हिल' हे नाव तयार केले. शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेले की अर्थ लागतो: गाव, समोर, मुखाच्या, लिकिंगच्या. त्याच वर्षी फिल्सन पाहणीसाठी जंगलात गेले ते परत आले नाहीत. नावाचा आणि त्यांच्या बेपत्ता होण्याचा काही संबंध असल्याचे कोणी म्हटलेले नाही. 1790मध्ये गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर यांनी ते नाव रद्द केले आणि आपण सभासद असलेल्या 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' या माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेचे नाव गावाला देऊन टाकले. संघटनेचे नाव सिनसिनाटस या रोमन शेतकऱ्यावरून आलेले. तो नांगर टाकून सेनापती झाला, लढाई जिंकली आणि अधिकार परत करून पुन्हा नांगराला लागला. नदीकाठच्या बागेत त्याचा पुतळा आहे. एका हाताने तो सत्तेची निशाणी परत देतो आहे आणि दुसऱ्या हाताने नांगर धरून आहे. निवडणुकीच्या दिवसांत या पुतळ्याकडे फारसे कोणी बघत नाही.

शहरात येण्याचा नेहमीचा मार्ग विमानाचा. सिनसिनाटीचे तिकीट काढलेला पाहुणा उतरतो तो केंटकी राज्याच्या बून काउंटीत. विमानतळाची खूण 'सीव्हीजी'. ही अक्षरे सिनसिनाटीवरून नव्हे, तर कव्हिंग्टन या केंटकीतल्या शहरावरून घेतलेली आहेत, आणि विमानतळ कव्हिंग्टनमध्येही नाही. तो हेब्रनजवळ आहे. याला कारण आहे आणि ते ओले आहे. शहराच्या हद्दीत लंकन नावाचा विमानतळ आधीपासून होता, आजही आहे. पण तो नदीलगत, सखल जागी. 1937च्या जानेवारीत ओहायोला पूर आला, पाणी जवळजवळ 80 फुटांपर्यंत चढले आणि लंकनवर विमानांपेक्षा होड्यांची सोय जास्त झाली. गावाने यमक जुळवून त्याला 'संकन लंकन' म्हणजे बुडका लंकन म्हणायला सुरुवात केली. मोठा विमानतळ मग नदीपलीकडच्या उंच माळावर झाला. गावापेक्षा शेजाऱ्याची जमीन उंच असते, ही गोष्ट पूर आल्यावरच कळते.

विमानतळावरून शहराकडे निघालेल्या पाहुण्याने वाट थोडी वाकडी करून फ्लॉरेन्स गावाची पाण्याची टाकी बघावी. 1974मध्ये टाकीवर भल्यामोठ्या अक्षरांत 'फ्लॉरेन्स मॉल' असे रंगवण्यात आले. मॉल तेव्हा बांधून झालेला नव्हता, आणि जे अस्तित्वात नाही त्याची जाहिरात महामार्गालगत करता येणार नाही, असे सरकारी नियम सांगत होता. सगळी अक्षरे पुसून पुन्हा रंगवायची तर खर्च. तेव्हा 'मॉल'मधल्या 'एम' या इंग्रजी अक्षराचे दोन्ही पाय पुसून त्याचा 'वाय' करण्यात आला आणि टाकीवर 'फ्लॉरेन्स यॉल' असे उरले. 'यॉल' हे दक्षिणेकडच्या बोलीतले संबोधन. मराठीत त्याला 'मंडळी' हाच शब्द बसतो. फ्लॉरेन्स, मंडळी. मॉल पुढे झाला. टाकीवरची मंडळी तशीच राहिली.

त्यानंतर महामार्ग डोंगराच्या खाचेतून वळण घेत खाली उतरतो आणि एकदम समोर नदी, पूल आणि उंच इमारती दिसू लागतात. शहराचे सर्वांत चांगले दर्शन हेच. ते केंटकीतून होते. दुसऱ्या क्रमांकाचे दर्शन कव्हिंग्टनच्या डेव्हू पार्कमधून होते. तेही केंटकीत.

नदीच्या मालकीचा मामला वाटणीपत्रासारखा आहे. 1784मध्ये व्हर्जिनिया राज्याने ओहायो नदीच्या उत्तरेकडचा प्रदेश राष्ट्राच्या स्वाधीन केला, पण नदी स्वतःकडे ठेवली. 1792मध्ये व्हर्जिनियातून केंटकी वेगळे निघाले तेव्हा नदी केंटकीकडे गेली. हद्द ठरली ती उत्तर काठावर, पाणी सर्वांत ओसरलेले असताना जिथे असते त्या रेघेची. पुढे नदीवर बंधारे झाले, पाणी कायमचे चढले आणि ती रेघ पाण्याखाली गेली. आता हद्द कुठली मानायची, 1792ची की आजची, यावर दोन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1980 साली निकाल लागला: 1792चीच रेघ खरी. केंटकीला आणखी सरकू दिले नाही, एवढे समाधान ओहायोला मिळाले. विहीर एका भावाच्या नावावर आणि दुसऱ्याला फक्त काठ, असा हा प्रकार. नदीकाठचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या सिनसिनाटीच्या वाट्याला काठालगतचा पाण्याचा पट्टा आला. पाय बुडवायला तो पुरतो.

या हद्दीचा एक फायदा बेसबॉलला झाला. रेड्स संघाचे मैदान नदीला खेटून आहे. 10 ऑगस्ट 2004 रोजी अ‍ॅडम डन या खेळाडूने मारलेला चेंडू मैदान ओलांडून बाहेरच्या रस्त्यावर पडला, तिथून उसळला आणि नदीत काठालगत अडकलेल्या एका ओंडक्यावर जाऊन बसला. अंतर 535 फूट मोजले गेले. पण लोकांना आवडला तो दुसरा हिशेब: नदी केंटकीची, म्हणून चेंडू एका राज्यात मारला आणि दुसऱ्या राज्यात पडला. ओंडका नेमका 1792च्या रेघेच्या कोणत्या बाजूला होता, हे पाहायला त्या दिवशी कोणी भूमापक हजर नव्हता.

नदीवर पूल बरेच आहेत. त्यांतला जांभळा पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा. पण बघायचा तो जॉन रोब्लिंगने बांधलेला निळा झुलता पूल. 1 जानेवारी 1867 रोजी तो रहदारीला खुला झाला तेव्हा त्याचा 1,057 फुटांचा गाळा जगात सर्वांत लांब होता. याच रोब्लिंगने नंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा केला. सिनसिनाटीकर त्यामुळे ब्रुकलिन पुलाला आपल्या पुलाची धाकटी आवृत्ती समजतात. ब्रुकलिनमध्ये ही बातमी अजून पोचलेली नाही. गाड्या चालतात तो भाग लोखंडी जाळीचा आहे. चाक जाळीवर चढले की गुणगुण सुरू होते, गाडीने वेग घेतला की सूर चढतो, पुढचा गाडीवाला सावकाश असला की उतरतो. बाजूच्या पायवाटेवर उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी जन्मभर तंबोरा लावत बसले आहे आणि तो लागत नाही, असा भास होतो. पूलही केंटकी राज्याच्याच मालकीचा आहे.

हद्दीची ही रेघ एके काळी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दक्षिण काठावर केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती. उत्तर काठावर ओहायोत तिला बंदी होती. माणसे रात्री, होडीतून किंवा गोठलेल्या बर्फावरून, नदी ओलांडत. पकडून परत नेणारे लोक या काठावरही फिरत असत, म्हणून पलायनाला मदत करणाऱ्यांची गुप्त साखळी तयार झाली आणि तिला 'अंडरग्राउंड रेलरोड' हे नाव पडले. हॅरिएट बीचर स्टोव 1832 ते 1850 या काळात याच शहरात राहत होत्या. त्यांचे गुलामगिरीवरचे 'अंकल टॉम्स केबिन' 1852 साली पुस्तकरूपाने आले. 2004पासून नदीकाठी या इतिहासाचे संग्रहालय आहे. त्यात केंटकीतल्या एका शेतावरून उचलून आणलेली लाकडी कोठडी उभी केली आहे. विक्रीला नेण्याआधी माणसांना तिच्यात कोंडत. ओंडक्यांच्या भिंती, लहान खिडक्या, आणि आत शिरलेला कोणीही मोठ्याने बोलत नाही.

अशा रीतीने या शहरात भुयारी रेल्वे नावाच्या दोन गोष्टी झाल्या. पहिलीला भुयार नव्हते, रूळ नव्हते, तरी तिने असंख्य माणसे मुक्कामाला पोचवली. दुसरीला भुयार आहे, फलाट आहेत, जिनेही आहेत. तिने कोणालाही कुठेही पोचवलेले नाही.

ही दुसरी समजून घ्यायला आधी कालवा समजून घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मायामी अँड एरी कालवा शहराच्या मधोमध वाहत असे. त्याच्या उत्तरेला जर्मन स्थलांतरितांची दाट वस्ती झाली. संध्याकाळी काम आटोपून कालव्यावरचा पूल ओलांडताना ही मंडळी 'ऱ्हाइनपलीकडे चाललो' म्हणत, आणि थट्टेत पडलेले 'ओव्हर द ऱ्हाइन' हे नाव मोहल्ल्याला कायमचे चिकटले. पुढे रेल्वे आली, कालव्याचा धंदा बसला आणि उरले ते वास मारणारे साचलेले पाणी. तेव्हा युक्ती निघाली: कालवा आयता खणलेला आहेच, त्यात भुयारी रेल्वे घालावी आणि वरून रस्ता करावा. 1916मध्ये मतदारांनी 60 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. लगेच अमेरिका महायुद्धात उतरली. काम सुरू झाले 1920 साली. तोवर महागाई इतकी वाढली होती की 60 लाखांत निम्मीही रेल्वे होईना. 1927च्या सुमाराला पैसे संपले. बाजार 1929मध्ये कोसळला. साधारण दोन मैलांचे बोगदे तयार होते. डबे, रूळ आणि पुढचा मार्ग तेवढा राहिला होता. कर्ज मात्र शहराने इमानदारीने फेडले. शेवटचा हप्ता 1966 साली गेला.

बोगद्यांचे काय करायचे, हा प्रश्न गाव तेव्हापासून अधूनमधून चघळते. शीतयुद्धाच्या काळात एका स्थानकात अणुहल्ल्यापासून बचावाची जागा करण्यात आली. सुदैवाने तिथेही कोणाला जावे लागले नाही. वाइन साठवण्याची सूचना येऊन गेली. प्रत्यक्षात एक मोठी जलवाहिनी आणि काही केबली आत टाकण्यात आल्या. म्हणजे बोगद्यातून पाणी रोज नियमित प्रवास करते. डागडुजी टाळता येत नाही, कारण वरचा सेंट्रल पार्कवे हा रुंद रस्ता याच बोगद्याच्या छतावर आहे. 2016 साली शहराने जमिनीवरून धावणारी छोटी ट्राम सुरू केली. तिचा फेरा 3.6 मैलांचा आणि 2020पासून तिकीट नाही. गावाने कित्येक वर्षे तिच्यावर भांडण केले आणि मग बसायला सुरुवात केली.

'ओव्हर द ऱ्हाइन'मध्ये आज जुन्या विटांच्या तीन-चार मजली इमारतींच्या रांगा आहेत. इटालियन वळणाच्या उंच, अरुंद खिडक्या, वर नक्षीच्या झालरी. एकोणिसाव्या शतकातला इतका सलग शहरी भाग अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी उरला आहे. मोहल्ल्याची नावे मात्र सलग राहिली नाहीत. 1918मध्ये जर्मनीशी युद्ध चालू असताना शहराने जर्मन वाटणारी रस्त्यांची नावे बदलली. ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट झाली. जर्मन स्ट्रीटची इंग्लिश स्ट्रीट झाली. यावरून ठराव मांडणाऱ्याला फार विचार करायला वेळ नव्हता हे दिसते. एका इमारतीवर जर्मानिया देवीचा पुतळा होता. तो न काढता तिचेच नाव कोलंबिया ठेवले. शत्रुराष्ट्राची देवी एका दिवसात, पोशाखही न बदलता, अमेरिकन झाली. हीच सवय 1950च्या दशकात पुन्हा दिसली. 1869चा पहिला उघडपणे सर्वस्वी व्यावसायिक बेसबॉल संघ सिनसिनाटीचा, आणि त्याच्या लाल मोज्यांचा वारसा सांगणारा संघ म्हणजे रेड्स. पण 'रेड' म्हणजे कम्युनिस्ट असा अर्थ तेव्हा लागू लागला, म्हणून काही वर्षे संघाला 'रेडलेग्ज' म्हणण्यात आले. लाल रंगाची शंका फक्त गुडघ्याखाली उरली. आता वातावरण निवळले आहे. ऑक्टोबरफेस्ट हा जर्मन उत्सव धूमधडाक्यात होतो, पावाच्या आकाराचे कपडे घातलेल्या डॅक्सहुंड कुत्र्यांची शर्यत लागते, आणि हे सगळे सप्टेंबरमध्ये होते.

मधल्या काळात या मोहल्ल्याने बरेच सोसले. दारूबंदीने त्याच्या बिअर कारखान्यांना टाळे लावले, पैसेवाले टेकड्यांवर गेले, घरे ओस पडली. 2001च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीने एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा जीव गेल्यावर इथे दंगली झाल्या. त्यानंतर पैसा परत आला. ज्या खोलीचे भाडे पूर्वी कोणी देत नव्हते, तिचे भाडे आता कोणाला परवडत नाही, आणि वाईट काळ काढलेले लोक चांगला काळ दुसऱ्या मोहल्ल्यातून बघतात. बिअरसाठी खणलेली जुनी तळघरे आता तिकीट लावून दाखवली जातात.

या भागातली फिंडले मार्केट ही मंडई 1855पासून भरते आहे. शनिवारी सकाळी तिथे चेंगराचेंगरी असते. आतल्या खाटकांच्या गाळ्यांवर 'गेटा' नावाच्या पदार्थाच्या लाद्या मिळतात. डुकराचे आणि गाईचे मांस, भरडलेले ओट आणि मसाला तासन्‌तास शिजवून साच्यात थापतात, थंड झाले की वडीसारखे काप करतात आणि तव्यावर परततात. कडा तपकिरी, कुरकुरीत होईपर्यंत उलथने लावायचे नाही, हा नियम. घाई करणाऱ्याचा लगदा होतो. मुळात थोडके मांस घरभर पुरावे म्हणून जर्मन बायकांनी त्यात ओट घातले. आपल्याकडे पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढते, तसे हे.

मांसाचा विषय निघाला की डुकरांना टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकात डुकराच्या मांसाच्या व्यापारात सिनसिनाटी अमेरिकेत पहिले होते आणि त्याला 'पोर्कोपोलिस' म्हणत. डुकरे कत्तलखान्याकडे मुख्य रस्त्याने, पायी जात. इंग्रज लेखिका फ्रान्सिस ट्रॉलोप 1828 ते 1830 इथे राहिल्या. घरातला कचरा कुठे टाकायचा असे त्यांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले: रस्त्याच्या मधोमध, कडेला टाकू नका, डुकरांना बरे पडते. सफाई खात्याची एवढी सुटसुटीत रचना नंतर या शहराला जमली नाही. ट्रॉलोपबाईंनी इथे काढलेले दुकान बुडाले आणि मायदेशी परतून 1832 साली त्यांनी अमेरिकन रीतिरिवाजांवर झणझणीत पुस्तक लिहिले. त्यात डुकरांना मानाची जागा आहे.

इतक्या चरबीचे करायचे काय? मेणबत्त्या करणारा विल्यम प्रॉक्टर आणि साबण करणारा जेम्स गँबल हे नात्याने साडू. दोघांना चरबीच लागे. एकमेकांशी स्पर्धा करण्यापेक्षा एकत्र या, असे सासऱ्यांनी सुचवले आणि 1837 साली भागीदारी झाली. सासऱ्याचा सल्ला दोन साडूंनी एकाच वेळी ऐकल्याचे आणि तो धंदा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे हे उदाहरण विरळा आहे. प्रॉक्टर अँड गँबलचे मुख्यालय अजून गावाच्या मध्यभागी आहे. 1985मध्ये तिने व्हिक्सची कंपनी विकत घेतली, त्यामुळे पावसाळ्यात सांगलीपासून नागपुरापर्यंत चोंदलेली नाके सिनसिनाटीच्या हिशेबवहीत येतात. 1988 साली नदीकाठच्या बागेच्या प्रवेशद्वारावर पंख असलेली चार डुकरे बसवायचे ठरले, तेव्हा गावात मोठा वाद झाला. डुकरांची ओळख पुन्हा कशाला, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू नाकाला डुकराचे खोटे नाक लावून नगरपालिकेच्या बैठकीला आली. डुकरे बसली. 1999पासून शहराच्या मॅरेथॉनचे नावच 'फ्लाइंग पिग' आहे आणि शेवटच्या रेषेला तिथे 'फिनिश लाइन' न म्हणता 'फिनिश स्वाइन' म्हणतात.

जेवणाचा मुख्य विषय मात्र चिली. 1922 साली मॅसेडोनियातून आलेल्या किराजिफ बंधूंनी एम्प्रेस नावाच्या थिएटरशेजारी खाणावळ काढली आणि मायदेशातल्या मसाल्याचा पातळसर खिमा स्पॅगेटीवर ओतून द्यायला सुरुवात केली. 1949मध्ये एका ग्रीक स्थलांतरिताने 'स्कायलाइन' काढले, 1965मध्ये जॉर्डनहून आलेल्या भावांनी 'गोल्ड स्टार'. टेक्सासच्या मिरचीला या प्रकरणात फारसा मान नाही. मसाला दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस यांचा. झाकण उघडले की मराठी नाकाला गोड्या मसाल्याचा डबा आठवतो. टेक्सासच्या माणसाला ही चिली आहे हे मान्य नसते, इटलीच्या माणसाला ती स्पॅगेटी आहे हे मान्य नसते. सिनसिनाटीकर दोघांनाही आणखी एक ताट मागवतो.

मागवण्याची परिभाषा ठरलेली आहे. 'थ्री-वे' म्हणजे स्पॅगेटी, चिली आणि चीज. त्यात कांदा किंवा घेवडा आला की 'फोर-वे', दोन्ही आले की 'फाइव्ह-वे'. लंबगोल ताटली येते तेव्हा खालचे काहीच दिसत नाही; वर केसासारख्या बारीक पिवळ्या किसाचा उंच ढीग असतो. खालचा थर वाफेने वितळून तार धरतो, वरचा तसाच कोरडा, हलका. खाताना काट्याच्या कडेने ताटलीचा एक कोपरा कापून सगळे थर एकदम उचलायचे. काट्याला स्पॅगेटी गुंडाळणारा माणूस बाहेरगावचा म्हणून तत्काळ ओळखला जातो. मिसळीत पाव कधी बुडवायचा हे ज्याला कळते त्याला हे सांगावे लागत नाही. मिसळीसारखेच, कोणाची खरी यावर घराघरांत पक्ष आहेत. बरोबर वाटीत छोटी खारी बिस्किटे येतात. त्यांना 'ऑयस्टर क्रॅकर' म्हणतात, त्यांत कालवे नसतात. चिलीत बुडालेल्या लहान हॉट डॉगला 'कोनी' म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला त्याची खबर नाही. मांस न खाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी काळा राजमा आणि भात मिळतो आणि तो मागवणाऱ्याकडे वाढपी थोड्या काळजीने बघतो. पाहुण्याचे बोलणे त्याला कळले नाही तर तो 'काय म्हणालात?' असे न विचारता 'प्लीज?' म्हणतो. जर्मन 'बिटे'चे हे शब्दशः भाषांतर आहे. जर्मन गेले, त्यांचा प्रश्न इंग्रजीत राहिला. नवखा पाहुणा आपल्याला शिष्टाचार शिकवला जातो आहे असे समजून मागणी पुन्हा, 'प्लीज' लावून सांगतो.

शहराचे अधिकृत मोहल्ले 52. शहराच्या पोटात नॉरवूड नावाचे दुसरेच शहर आहे, चहूबाजूंनी सिनसिनाटीने वेढलेले आणि स्वतःचा महापौर असलेले. मेदूवड्यात भोक असावे तसे. व्हाइन स्ट्रीट शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करते, आणि हे भाग फक्त घरनंबरांपुरते नाहीत. पश्चिमेकडच्या मुलाने पूर्वेकडे घर घेतले तर आईवडील त्याला दूरदेशी गेल्यासारखे आठवतात. मोटारीने अंतर अर्ध्या तासाचे असते. नव्या माणसाला पहिला प्रश्न येतो, 'शाळा कुठली?' कॉलेजचे नाव सांगणाऱ्याचे उत्तर चुकीचे धरतात, कारण विचारलेले असते माध्यमिक शाळेबद्दल. त्या एका नावावरून गाव, बाजू, पंथ आणि बापाचा पगार कळतो. मराठी माणूस आडनाव ऐकल्यावर 'मूळचे कुठले?' विचारतो, त्याच जातीचा हा प्रश्न. सगळ्यांनाच तो लागू पडतो असे नाही. 2022पासून महापौर असलेल्या आफताब पुरेवाल यांचे वडील पंजाबी आणि आई तिबेटी निर्वासित. 2016च्या एका निवडणुकीत लोकांना नाव उच्चारता यावे म्हणून त्यांनी एका विमा कंपनीच्या बदकाच्या जाहिरातीची नक्कल केली होती.

टेकड्यांपैकी माउंट अ‍ॅडम्स सर्वांच्या यादीत असतो. 1843मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स 76 वर्षांचे असताना प्रवासाचे हाल सोसून इथे आले आणि वेधशाळेची कोनशिला बसवली. गावाने कृतज्ञतेने टेकडीला त्यांचे नाव दिले. तीस वर्षांनी खालच्या कारखान्यांच्या धुराने तारे दिसेनात, म्हणून वेधशाळा दुसऱ्या टेकडीवर नेली. नाव तिथेच राहिले. टेकडीवरच्या चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर गुड फ्रायडेला भाविक रांग लावतात आणि दर पायरीला थांबून प्रार्थना करतात. गुडघ्यांना हा वेग मानवतो. सार्वजनिक पायऱ्यांचे जिने शहरात सुमारे 400 आहेत. जवळच्या ईडन पार्कमध्ये रोमकडून 1931 साली भेट आलेली लांडगीची ब्राँझमूर्ती होती. 2022मध्ये ती कोणी तरी घोट्यापासून कापून नेली. सिनसिनाटसच्या गावात त्या वेळी रोमचे पंजे मागे राहिले.

प्राणिसंग्रहालय 1875चे. जगातली शेवटची पॅसेंजर पिजन कबुतरी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी इथेच मेली आणि एक आख्खी जात संपली. 24 जानेवारी 2017 रोजी इथे फिओना नावाची पाणघोडी सहा आठवडे आधी जन्मली, वजन 13 किलो. कर्मचाऱ्यांनी तिला बाटलीने दूध पाजून जगवले आणि आज गावात तिच्याइतकी लोकप्रियता कोणत्याही नेत्याला नाही.

परतीचा दुसरा मार्ग रेल्वेचा. युनियन टर्मिनल 1933 साली दिवसाला 216 गाड्यांच्या हिशेबाने बांधले गेले. समोर प्रचंड अर्धा घुमट, आत भिंतीभर रंगीत मोझेक. घुमटाखाली दोन टोकांना पिण्याच्या पाण्याच्या जागा आहेत. एका टोकाला भिंतीकडे तोंड करून कुजबुजले की दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येते. शाळेची मुले तिथे एकमेकांची गुपिते फोडतात. 1990पासून इमारतीत संग्रहालये आहेत. गाडी मात्र एकच उरली आहे, कार्डिनल, आठवड्यातून तीन दिवस, तीही मध्यरात्र उलटल्यावर. संग्रहालयातले डायनोसॉर तेव्हा कुलपात असतात आणि बाकावर दहाबारा उतारू पेंगत असतात. कार्डिनल हा ओहायोचा राज्यपक्षी, आणि केंटकीचाही. पूर्वेकडची गाडी स्थानकातून निघाली की थोड्याच वेळात पुलावर चढते, नदी ओलांडते आणि केंटकीत शिरते.